बाळ कुणावर गेलंय

डॉक्टरबाई नीट समजावून गेल्या. बाळाचं लघवीचं भोक टोकाला नाही, जरा खालच्या बाजूला आहे. वर्षाचं झालं की छोटंसं ऑपरेशन करू. त्यांची पाठ वळली अन् बापाचं डोकं फिरलं. खाटेवरच्या बायकोवर खेकसला, "आमच्यात असलं कुणाला नाही. तुझ्या माहेरचंच आलंय हे! उद्या याला पोरं तरी होतील का?"

ती रडता रडता म्हणाली, "माझ्या माहेरी कुणाकुणाचं बघून आलात?"

त्यानं हात उगारला, तो त्याच्या म्हाताऱ्या बापानं वरच्यावर धरला. म्हाताऱ्याचे कान लालबुंद झाले होते.

"तिला बोलू नकोस, गाढवा. माझंही अस्संच आहे. मग तू काय आभाळातून पडलास?"