कठड्याला नाव

“निघा म्हटलं ना! सांगून सांगून घसा कोरडा पडला माझा!”

बँकेचा वॉचमन काठी आपटत पुन्हा पायऱ्यांकडे धावला. टोपीवाली पोरगी स्केटबोर्ड काखेत मारून बाजूला झाली, गोड हसली आणि त्याची पाठ वळताच पुन्हा वर चढली. सकाळपासून हाच खेळ चालला होता.

डोक्याला नुसता ताप! बँकेत कुत्रं फिरकत नव्हतं, पण बाहेरच्या पायऱ्या बघायला परदेशातून माणसं येत. मधल्या लोखंडी कठड्यावरून देवाच्या मूर्तीवरून फिरवावा तसा हात फिरवत, फोटो काढत, आणि मग त्या चाकांच्या फळीवर उभं राहून कठड्यावरून घसरत हातपाय मोडून घेत. त्यांच्या जगात म्हणे हा कठडा फार नावाजलेला. मॅनेजर मात्र झापायचा वॉचमनला. शेवटी वॉचमननंच हात जोडले होते, “साहेब, कठड्यावर लोखंडी गोळे जोडून टाका, फळी घसरणारच नाही, एकदाची पीडा टळेल.” ते गोळे उद्या बसणार होते.

“काका, आजचाच दिवस,” पोरगी अजिजीनं म्हणाली. “समोर तोंड करून सगळ्यांनी केलंय. पाठमोरं अजून कुणीच उतरलं नाही. जमलं, तर या कठड्याला माझं नाव लागेल.”

“आणि हाड मोडलं, तर बोल मला लागेल!”

ती ऐकेल तर शपथ. उडी मारायची, आपटायची, उठायची. कोपर सोलवटलं, गुडघा सुजून टम्म झाला. खाली उकिडवा बसलेला तिचा भाऊ प्रत्येक उडीचं शूटिंग करत होता.

“अगं, दर वेळी घाई कसली करतेस!” वॉचमन खेकसला, आणि आपण काय बोललो हे कळताच त्यानं जीभ चावली.

ऊन उतरलं. फळी उडाली, कठड्यावर बसली, पोरगी पाठमोरी खरखरत खाली आली आणि चाकांवर उभीच राहिली. तिनं किंकाळी फोडली.

भावाचा चेहरा मात्र उतरला होता. “ताई... बटण दोनदा दाबलं गेलं, शूटिंग चालू होऊन लगेच बंद पडलं. पडलीस ते सगळं आलंय. हे नाही आलं.”

ती मटकन पायरीवर बसली. “व्हिडिओ नसेल तर कुणी मानत नाही, काका. झालंच नाही म्हणतात.” तिला आता धड उभंही राहता येत नव्हतं.

वॉचमनचा पारा चढला. या वेळी भावावर. “अरे गाढवा, एवढं एक काम होतं तुला! उठा, केबिनमध्ये चला. बँकेचा कॅमेरा काय झोपा काढतो?”

केबिनमधल्या पडद्यावर सगळं लख्ख होतं. पोरगी पाठमोरी घसरत आली, उभी राहिली. आणि तिच्या मागे, गणवेशातला एक माणूस काठी फेकून, दोन्ही हात वर करून वेड्यासारखा नाचत होता.

वॉचमन बघतच राहिला. हे आपण केलं, याचा त्याला पत्ताच नव्हता.

“काका, मॅनेजरनी बघितलं तर नोकरी जाईल तुमची,” पोरगी हळूच म्हणाली. “तुम्ही दिसता तेवढा भाग कापते मी.”

“खबरदार कापलास तर!” तो खेकसला. “उभा जन्म गेला माझा या कठड्यापाशी. लागू दे की माझंही नाव.”