मोठ्यांना मनाई

उशी (नाही)

"इथे पिवळी उशी होती," पडदेवाली म्हणाली. ती जिन्याखाली ओणवी शिरली होती, त्यामुळे आवाज घुमून आला.

"पाय फुटले असतील उशीला," ड्रायव्हर बुटाची नाडी बांधत म्हणाला.

"चेष्टा नको. काल संध्याकाळी मी माझ्या हातानं ठेवली."

"मग खारूला विचार. जातो मी, बस माझ्यासाठी थांबायची नाही."

"चालवणारा तूच ना? मग थांबेल की."

खारू म्हणजे ड्रायव्हरची मुलगी, पहिल्या बायकोची. ती बायको वारली तेव्हा खारू नुकती शाळेत जायला लागली होती. पडदेवाली या घरात आली त्याला अजून वर्ष व्हायचं होतं. ती पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची, म्हणून ड्रायव्हरनं गमतीनं ठेवलेलं नाव तिला चिकटलं. खारू मात्र तिला कसलीच हाक मारत नसे. काही हवं असलं की नुसती समोर येऊन उभी राहायची.

"खारू, उशी पाहिलीस?"

खारूनं दुधाचा पेला तोंडाला लावला आणि पेल्याआडून मान हलवली. हो की नाही, ते काही कळलं नाही.

रद्दी, मोडका पंखा (हे आधीचं)

जिन्याखालचा तो कोनाडा म्हणजे घरभरच्या नकोशा वस्तूंचं माहेर होतं. त्याच्याकडे लक्ष गेलं ते खारूची मावशी येऊन बोलून गेल्यावर.

"पोरगी तोंड उघडत नाही तुमच्या घरात," मावशी म्हणाली होती. "सुट्टी संपेपर्यंत रुळली तर ठीक. नाही तर शेवटच्या रविवारी मी तिला माझ्याकडे घेऊन जाणार. भाऊजी, तुम्ही काही बोलू नका."

भाऊजी बुटाची नाडी बांधू लागले.

तिथे खारूला तिची स्वतःची जागा करून द्यायची म्हणून पडदेवालीनं रद्दी विकली आणि आलेल्या पैशांत रंगाचा एक डबा आणला. दुकानातल्या कात्रणांचा ठिगळाठिगळांचा पडदा शिवला. फाटक्या गादीतला चांगला कापूस काढून उशी भरली. खोक्याच्या पुठ्ठ्यावर पाटी रंगवली: मोठ्यांना मनाई.

पाटी रंगवत असताना खारू समोर येऊन उभी राहिली.

"निळा आवडतो की पिवळा?" खारूनं विचारलं.

हा प्रश्न खरं तर पडदेवालीनं खारूला विचारायचा होता. "पिवळा," ती गडबडून म्हणाली.

"अंधाराची भीती वाटते?"

"थोडी वाटते. तुला?"

खारू निघून गेली.

खारूनं विचारलं, म्हणजे तिच्याही मनात तेच असणार. म्हणून उशीला पिवळा अभ्रा. म्हणून दिव्यांची माळ.

माळ (नाही)

दोन दिवसांनी माळ गेली. मग पडद्याच्या कड्या. मग पडदा.

"तूच कुठे तरी ठेवत असशील आणि विसरत असशील," ड्रायव्हर म्हणाला.

"मी? अख्खा पडदा?"

"मी एकदा अख्खी बस विसरलोय. डेपोत उभी करून घरी आलो आणि किल्ली शोधत बसलो."

तिला हसू आलं नाही. खारूला पिवळा आवडत नाही का? मग विचारलं कशाला? आवडत नाही तर सांगायचं, वस्तू का पळवायच्या?

मशीन (बंद)

एरवी असं डोकं भणभणलं की ती मागच्या गॅलरीत जाऊन कपड्यांचं मशीन लावायची. मशीनच्या मागे, भिंतीला लागून, एक माणूस जेमतेम मावेल एवढी जागा होती. तिथे बादली पालथी घालून बसायचं. मशीन धडधडत असलं की आतल्या खोलीत रडणं ऐकू जात नाही.

"चार कपड्यांसाठी रोज मशीन?" ड्रायव्हर म्हणायचा. "बिघडेल एक दिवस."

बिघडलंच. दिव्यांची माळ गेली त्याच दिवशी. ती हातानं कपडे धुऊन गच्चीवर वाळत घालू लागली. गॅलरीत जायला काही निमित्तच उरलं नाही.

खारूची बॅग (भरलेली)

शुक्रवारी पलंगाखालून केर काढताना खारूची बॅग हाताला लागली. टम्म फुगलेली. चेन पूर्ण लागत नव्हती आणि फटीतून पिवळं कापड डोकावत होतं.

ती केरसुणी हातात धरून तिथेच बसून राहिली. म्हणजे जायचं पोरीनं ठरवलं होतं. घर नको, पण उशी हवी. हे तिला चांगलं वाटावं की वाईट, ते तिला ठरवता येईना.

पाटी (नाही)

रविवारी सकाळी जिन्याखाली काहीच नव्हतं. पाटीसुद्धा नाही. नुसता ताजा रंग.

"मावशी आली की जाऊ दे तिला," पडदेवाली ड्रायव्हरला म्हणाली. "अडवू नकोस. वस्तूही नेऊ दे."

"तू सांगतेस हे?"

"मीच सांगते."

बॅग दाराशी आणून ठेवावी म्हणून तिनं पलंगाखालून ओढली. बॅग एकदम हातात आली, कागदासारखी हलकी. तिनं चेन उघडली. उशी नव्हती. माळ नव्हती. एक फ्रॉकसुद्धा नव्हता.

बाहेर बेल वाजली.

आता मावशीसमोर डोळे भरून येतील. मशीन बंदच होतं, तरी ती गॅलरीकडे निघाली. मागून खारूचा आवाज आला. दाराच्या कडीला लटकून ती बाहेर सांगत होती, "मावशी, थांब जरा. तिला आधी आत बसू दे."

पडदेवालीनं गॅलरीचं दार ढकललं. मशीनच्या मागे कपड्यांच्या चिमट्यांवर ठिगळांचा पडदा लटकत होता आणि त्याच्या आत दिव्यांची माळ लागली होती. बादली तशीच पालथी होती. तिच्यावर पिवळी उशी होती. वर पाटी. पाटीवरचा पहिला शब्द खडूनं खोडला होता आणि त्याच्या डोक्यावर वाकड्या अक्षरात दुसरा लिहिला होता: लहानांना.