उद्याचा जबडा

पहिला नमुना तोंडातून काढून रेवतीने कानापुढे बोटं दाबली. “चेहरा छान दिसतो, डॉक्टर. पण इथे आवळल्यासारखं होतं.”

दोन वर्षांच्या उपचारानंतर जबड्याचा सांधा जिथे बसणार, तिथे दातांवर चढवायचे हे नमुने तो आजच अर्ध्या तासापुरता नेऊन बसवत. पहिल्या नमुन्याच्या उपचारात दात काढून पुढची रांग मागे घ्यायची होती. दुसऱ्याच्या उपचारात दात न काढता खालचा जबडा पुढे आणायचा होता.

“पहिलाच करू,” रेवतीचे वडील अण्णा म्हणाले. पुढच्या वर्षी तिला बघायला पाहुणे येतील, हे त्यांच्या डोक्यात होतं.

रेवतीने दुसरा नमुना बसवला आणि पिशवीतून सनई काढली. वर्षभर सांधा दुखून तिचा सूर मध्येच तुटायचा. आज तो लांबत गेला. बाहेर बसलेले पेशंट दारात येऊन उभे राहिले. अण्णांचा हात नकळत मांडीवर ठेका धरू लागला.

“यात हनुवटी थोडी पुढे दिसेल हं,” डॉक्टर म्हणाल्या, “थेट अण्णांसारखी.”

अण्णांनी स्वतःची हनुवटी चाचपली.

“दिसू दे की!” ते म्हणाले. “बघायला येतील त्यांना आधी ऐकायला बसवू.”