सगळ्या गावाचा फोन

"काकू, कुलूप काढा. न्हाई तर खोली पेटवतो," राजशेखर म्हणाला. त्याच्या हातात पेट्रोलचा डबा होता आणि मागं अंगण माणसांनी गच्च भरलं होतं.

रत्नम्मा गावची पोलीस पाटील. ती खोलीच्या दाराला पाठ लावून उभी होती. कुलपाआड दोन परकी माणसं होती. कुकर दुरुस्त करत गावोगाव फिरणारी. त्यांनी एका लेकराला बिस्कीट दिलं आणि पोरं पळवणारी टोळी आली म्हणून गाव उठलं. मार खाणाऱ्या दोघांना तिनं कसंबसं घरात ओढलं होतं. शिरूर अनंतपाळहून पोलिसांची गाडी निघाली होती. जमादार भीमाशंकर फोनवर म्हणाले, आम्ही येईस्तोवर सांभाळा. सांभाळा म्हणायला काय जातं? तिच्या मदतीला ग्रामसुरक्षा दल होतं, आणि राजशेखरच त्याचा म्होरक्या. कुंपणच शेत खायला उठलं होतं.

किल्ली आणते म्हणून ती घरात गेली आणि तिनं आतून कडी लावली. बराच वेळ आलीच नाही.

चोर आले तर गावाला सावध करायला पोलिसांनी एक नंबर दिला होता. त्यावर बोललं की घरोघरचे फोन एकदम वाजायचे. आता अंगणातले सगळे खिसे एकदम वाजले. सवयीनं माणसांनी काठ्या बगलेत धरल्या आणि फोन कानाला लावले.

"मी रत्नम्मा बोलते. माझी नात सृष्टी घरातल्या दारानं त्या दोघांपाशी खोलीत बसवली हाय. आता पेटवा."

आतून खरंच सृष्टीचा आवाज आला. ती त्यांना गाव विचारत होती.

राजशेखरनं डबा खाली ठेवला. पेटवावं तर पोर आत. दार फोडावं तर आतले तिला काही करतील. शेवटी त्यानंच जमादारांना फोन लावला आणि लवकर या म्हणून हात जोडले.

गाडी आली. पोलिसांनी दोघांना मधे घेऊन गाडीत बसवलं.

"पाटीलबाई, परक्या माणसांवर लई भरोसा टाकलात," भीमाशंकर म्हणाले.

रत्नम्मा नातीचे हातपाय चाचपत होती.

"यांच्यावर कुठला, साहेब? यांची भीती मलाबी होतीच. भरोसा गावावर टाकला."