चाखलेला घास

मऊ भाताचा घास आईनं आधी स्वतःच्या ओठांत धरून बघितला. गरम नव्हता, तिखटही नव्हता. मग तोच चमचा तिनं रेवूच्या तोंडापुढे धरला.

वॉर्डात आलेल्या डॉक्टरबाई थबकल्या. "रोज असंच भरवता?"

"हो. सारखं तोंड येतं हिचं. जरा तिखट लागलं तरी रडते."

"तिच्या पांढऱ्या पेशी लढतच नाहीत, ताई. तुमच्या तोंडातले साधे जंतूही तिला सोसत नाहीत. उष्टं अजिबात द्यायचं नाही."

आईनं हातातला चमचा बाजूला ठेवला. इतके महिने पाणी, भांडी, सगळं ती उकळून घेत होती.

तिनं दुसरा, स्वच्छ चमचा काढला आणि घास सरळ पुढे केला.

रेवूनं ओठ घट्ट मिटले.

"तू चाखलं नाहीस," ती म्हणाली. "मला झोंबेल."