तीनपर्यंत मोज

सुहास गावंडेनं माईकसमोर चष्मा काढला, तेव्हाच मी मनात आकडे मोजायला लागलो. एक, दोन, तीन. बरोबर तीनला त्याचा आवाज कापरा झाला आणि माझ्या बायकोच्या शोकसभेत बायका पदरानं डोळे पुसू लागल्या.

"शाळा सुटल्यावर उपाशी दिसलो, की बाई हाताला धरून मला स्वयंपाकघरात न्यायच्या," तो सांगत होता.

आज नगराध्यक्ष असलेला हा माझा विद्यार्थी आमच्या घरी कधीच जेवला नाही. वक्तृत्व स्पर्धेसाठी त्याला मीच तयार केलं होतं. चष्मा काढ, तीनपर्यंत मोज, मग आवाज खाली आण. त्याची आई धडधाकट असताना 'मी पोरका' म्हणत त्यानं ढाल जिंकली, ते भाषणही मीच लिहून दिलेलं. तेव्हा बायको चिडली होती. "अहो, आधी खरं बोलायला शिकवा त्याला. रडवायचं नंतर बघा." मी हसण्यावारी नेलं. ढाल अजून शाळेच्या कपाटात आहे.

"सर, दोन शब्द बोला," म्हणत सुहासनं माईक माझ्या हातात दिला. समोर तिचा फोटो, हारानं अर्धा झाकलेला. मी माईक तोंडाशी नेला. खरंच एक शब्द फुटेना. सभागृह चिडीचूप झालं.

मागे सुहास शेजारच्याला हळूच, कौतुकानं म्हणाला, "पॉज बघा सरांचा! आम्हाला तीनच शिकवले, स्वतः दहापर्यंत नेले."