मे महिन्याचा मसुदा

करिमुन्निसा आपाचं पत्र फेब्रुवारीत आलं होतं. इसाकने त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. आता मे उजाडला होता आणि आपा स्वतःच दारात उभी होती. पेटी रिक्षावाल्याच्या खांद्यावर होती. फणस तिच्या कडेवर होता.

"उत्तर नाही आलं," आपा म्हणाली. "म्हटलं, मेलास की काय, बघून यावं."

"मसुदा चालू आहे, आपा."

आपा त्याची थोरली बहीण. म्हसळ्याजवळच्या गावात राहायची. इसाकची सगळी नोकरी बेलापूरच्या एका ऑफिसात, आवक-जावक शाखेत झाली होती. तिथे आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर जायचं, पण वरिष्ठांनी मसुदा मंजूर केल्याशिवाय नाही. आता तो रिटायर झाला होता आणि नेरूळच्या घरात एकटा होता. वरिष्ठ कोणी नव्हतं.

आपाच्या पत्रात दोन प्रश्न होते. मे महिन्यात येऊ का? आणि आले तर दिवसभर करायचं काय? पहिल्याचं उत्तर सोपं होतं. दुसऱ्यावर तो अडला. गेल्या उन्हाळ्यात आपा आली आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच निघून गेली. "तुझ्या घरात पुस्तकांना बसायला जागा आहे, माणसाला नाही," असं म्हणाली होती. तिचं खरं होतं. यंदाही कंटाळून गेली तर ती परत येणार नव्हती. आणि तिच्याशिवाय त्याच्याकडे राहायला कोणीच येत नसे.

म्हणून त्याने साधे, आनंदाचे कार्यक्रम काढले होते आणि प्रत्येक आधी स्वतः करून पाहिला होता. सारसोळ्याच्या खाडीवर सूर्यास्त पाहिला. ओहोटी होती, चिखल दिसला. टेकडी चढला. वर बसायला सावली नव्हती. प्लॅटफॉर्म तिकीट काढून नवीन रेल्वे स्टेशन पाहिलं. ते स्टेशनसारखंच होतं. बर्फाचा गोळा खाल्ला आणि दाढ ठणकली. दर वेळी मसुदा नव्याने लिहावा लागला.

"उद्या संध्याकाळी खाडीवर जाऊ या का?" त्याने भीतभीत विचारलं. "भरती असेल तर."

"उद्या पापड घालायचे आहेत," आपा म्हणाली. "गच्चीची चावी कोणाकडे असते?"

चावी सोसायटीचा सेक्रेटरी जयदेवकडे असायची. तो मूळचा सारसोळ्याचा.

"काकी, गच्चीवर वाळवण घालायला परवानगी लागते," जयदेव म्हणाला.

"कोणाची?"

"माझी."

"मग दे की."

जयदेवने चावी दिली.

आपाने तांदळाचे पापड लाटले. गच्चीवर जुनी लुगडी अंथरली. वारा होता, लुगडी उडायला लागली. आपा खाली आली, खुर्चीतली पुस्तकं उचलली आणि कोपऱ्याकोपऱ्यावर ठेवली. पलंगावरचीही नेली. जाडी पाहून निवडली, विषय पाहिला नाही. इसाक पुस्तकांच्या मागोमाग वर गेला. आपाने त्याच्या हातात काठी दिली.

"टाकीच्या सावलीत बस. कावळे हाक."

तो बसला. कावळा आला की काठी आपटायची. मध्ये काम नव्हतं. हाताशी एका कोपऱ्यावरचं पुस्तक होतं. लुगडं उडू नये म्हणून त्याने त्या जागी आपली चप्पल ठेवली आणि पुस्तक उघडलं. जुनं प्रवासवर्णन होतं, बोटीच्या सफरीचं.

"मनात काय वाचतोस? मोठ्याने वाच," आपा म्हणाली. ती फणस फोडत होती. कोपरापर्यंत खोबरेल तेल माखलं होतं.

इसाकने आयुष्यात कोणाला मोठ्याने वाचून दाखवलं नव्हतं. आवाज बसका निघाला. दोन पानांनंतर जरा सुटला.

दुसऱ्या मजल्यावरची हेतलबेन कपडे वाळत घालायला वर आली आणि भाजी निवडायला तिथेच बसू लागली. जयदेव आला. इसाकला वाटलं, दिलेली परवानगी काढून घेतोय. पण त्याच्या हातात सोललेल्या कोळंबीची टोपली होती.

"आयेनं सोडे दिलेत. हितंच घालतो वालत," तो म्हणाला. "कावल्यांवर लक्ष ठेवा, काका. आनि त्या बोटीचं काय झालं पुढं?"

पुढे बोट खडकावर लागली. आपाने इसाकला जेवायलाही उठू दिलं नाही. गऱ्यांचं ताट वर आणलं. रोज रात्री तो म्हणायचा, "उद्या टेकडी?" आणि रोज आपा म्हणायची, "उद्या फेण्या," नाहीतर, "उद्या फणसाच्या बिया."

तिसरा दिवस येऊन गेला, ते इसाकच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं तेव्हा आपा पेटी भरत होती आणि जून लागला होता.

त्याचं तोंड उतरलं. त्याने टेबलाच्या खणातून मसुदा काढला.

"हे पाठवायचं राहिलं, आपा. यातलं एकही झालं नाही."

"वाच."

त्याने वाचलं. खाडी, टेकडी, स्टेशन, गोळा. आपाने शेवटपर्यंत ऐकलं.

"हे सगळं खोड," ती म्हणाली. "झालं तेवढं लिही."

त्याने खोडलं. विचार केला. एक ओळ लिहिली आणि कागद तिच्यापुढे धरला. आपाने चष्मा लावून वाचलं. चष्मा काढला.

"ठीक आहे. जाऊ दे पत्र."

खाली रिक्षा उभी होती. आपा आत बसली, मांडीवर पापडांचा डबा. टपालपेटी गेटाबाहेरच होती. पाकीट तिच्या हातातही देता आलं असतं. पण पत्राचं उत्तर पोस्टानेच जातं. इसाकने म्हसळ्याचा पत्ता पुन्हा एकदा तपासला आणि पाकीट पेटीत टाकलं. आत लिहिलं होतं: 'आपा, ये. करायचं काय विचारतेस, तर कावळे हाकायचे.'